रुख्मिणीच्या हाताची फरशी

आमच्या गावच्या लेकी आगगाडीने सासरी जायच्या. घरापासून स्टेशनपर्यंत बैलगाडी आणि तिथे निजामाच्या वेळच्या मुसाफिरखान्यात शेवटची रडारड. त्या मुसाफिरखान्याच्या भिंतीला चिनी मातीच्या फरश्या होत्या, पांढऱ्यावर निळी वेल. निघालेली लेक हळदीत हात बुडवून एका फरशीवर पंजाचा ठसा उमटवायची. कुणी सुरू केलं ठाऊक नाही, पण आम्हा बायकांना ती भिंत घरच्या चौकटीसारखीच. झाडूवाला दुसऱ्या दिवशी पुसून टाकायचा. तडकलेल्या फरशीत मात्र बारीक चिरांमध्ये हळद मुरायची आणि हात राहायचा.

रुख्मिणीचा हात तसा राहिला. राहीबाईची ती एकुलती एक, किनवटकडे दिलेली, पहिल्याच बाळंतपणात गेली. तिचा फोटोही कुणी काढला नव्हता. राहीबाई माझी शेजारीण. बाजाराच्या दिवशी मी फलाटावर पेरू विकायला बसले की ती यायची, मुसाफिरखान्यात जाऊन त्या पिवळ्या हातावर आपला हात ठेवायची आणि घरी जायची.

छप्पन साली हैदराबादचं राज्य मोडलं. किनवट मुंबई राज्यात गेलं, आम्ही आंध्रात. मेलेल्या लेकीचं सासरही परमुलखात गेलं म्हणून राहीबाई आधीच हबकलेली. त्यात घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, तसा हुकूम आला. नव्या राज्याचे साहेब येणार, मुसाफिरखाना पहिल्यासारखा करा. निखळलेल्या फरश्या बसवायच्या, चिरा भरायच्या, डागाळलेली फरशी काढून नवी लावायची.

काम भैंशाच्या अमृतराव मिस्त्रीकडे होतं. राहीबाईने त्याला हात जोडले. मी मात्र खेकसले. राग सरकारचा आणि निघाला त्याच्यावर, वड्याचं तेल वांग्यावर.

"मी काय करू, बाई?" तो म्हणाला. "डाग दिसला का फरशी काढा, असा हुकूम हाय. उद्या साहेब पाहाले येऊन राह्यले."

सकाळी टोपली घेऊन पोचले तर राहीबाई भिंतीपाशी. हातात चिंच, शेजारी चुलीतली राख. देवाची पितळी भांडी घासावीत तशी ती फरशी घासत होती. अंगठा गेलेला, तळहात अर्धा पुसलेला. मी तिचं मनगट धरलं.

"काऊन घासून राह्यल्या, राहीबाई? पोरीचा हात चालला ना."

"हात गेला तर जाऊ दे, भागे. फरशी तर राहीन. तिनं हात टेकलेली फरशी हेच हाय. ते फोडून उकिरड्यावर फेकतीन, ते मले पाहावनार नाई."

मी तिचं मनगट सोडलं. मी तांब्याने पाणी ओतत बसले आणि माझंच रडू आवरेना. करंगळी सगळ्यात उशिरा गेली. राहीबाईने पदराने फरशी कोरडी केली.

साहेब आले, भिंतीवर नजर फिरवली, डाग दिसेना म्हणून खूश झाले आणि ती फरशी वाचली. त्या दिवशी राहीबाई कितीतरी वर्षांनी हसली. मिस्त्रीला तिने गुळाचा खडा दिला. मग उरलेलं काम म्हणून मिस्त्रीने भिंतीतली एकूण एक चीर पांढऱ्या लुकणाने भरली, सगळं घोटून पुसलं आणि तो पुढच्या स्टेशनाच्या कामाला गेला.

पुढच्या बाजाराला राहीबाई आत गेली ती बाहेरच येईना. टोपली तशीच टाकून मी गेले. भिंत लखलखत होती. राहीबाई एका फरशीवर हात ठेवत होती, काढत होती, शेजारचीवर ठेवत होती. मला पाहून थांबली.

"भागे, कोनती व्हती?"

मी पाहिलं. एकही चीर दिसत नव्हती, वेलीशी वेल जुळलेली. त्या सकाळी पाणी मीच ओतलं होतं. खिडकीजवळची, एवढं नक्की. पण वरची की खालची, ते मलाही सांगता येईना. नव्या राज्याला, त्या साहेबाला, त्याच्या हुकमाला मी मनातल्या मनात शिव्या घातल्या. मग राहीबाईचा हात धरला आणि समोरच्या एका फरशीवर ठेवला.

"हेच," मी म्हणाले.

तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं, बराच वेळ. मी नजर हलू दिली नाही. शेवटी तिनेच डोळे मिटले आणि तळहात फरशीवर घट्ट दाबला.

"हाव," ती म्हणाली. "हेच."