कुणाचा अनंत मोठा?

आमच्या वर्गात सगळ्यात मोठा अनंत होता ताडमाडचा. ताडमाड म्हणजे शेवटच्या बाकावरचा उंच मुलगा. अनंताची खूण जुनीच: दोन्ही हात पसरायचे, जमतील तेवढे ताणायचे आणि गाल फुगवायचे. पहिल्या बाकावरच्या लवंगीने आपले चिमुकले हात पसरून पाहिले आणि रडवेली होऊन मला विचारलं, ‘माझा अनंत लहान का?’

मी बहिऱ्या मुलांना गणित शिकवते आणि स्वतःही जन्माची बहिरी आहे. तरी त्या प्रश्नाने मला घाम फुटला. अनंतात एक मिळवला तर काय, याचं उत्तर अख्ख्या वर्गाने ‘आणखी मोठा’ असं दिलं होतं. चूक पोरांची नव्हती, खुणेची होती. पसरलेले हात कुठेतरी संपतातच.

मग आम्ही सगळ्यांनी मिळून नवी खूण केली. एक बोट पुढे, दुसऱ्या हाताचं त्याच्याही पुढे, पुन्हा पहिलं त्याच्या पुढे. आणखी एक, आणखी एक. हात पुरेनासे झाले की पाऊल टाकायचं. या खुणेला उंची लागत नाही.

पुढे गणिताच्या खुणांचं चित्रीकरण निघालं. तिथे जे टिपलं जाईल तेच सगळ्या बहिऱ्या शाळांत शिकवणार होते. खुणा करायला मी, आणि दुभाषी म्हणून माझी धाकटी जाऊ. तिला ऐकू येतं. खुणा ठरवणाऱ्या समितीच्या अध्यक्षांचं बोलणं ती नेहमी साखरेत घोळवूनच माझ्यापर्यंत आणायची.

अध्यक्ष म्हणाले, “जुनी खूण सगळ्यांना समजते. तीच करा.”

‘चुकीचं समजतं,’ मी हातांनी सांगितलं.

ते काहीतरी बोलले. जाऊ जरा घुटमळली, मग तिने जसंच्या तसं दाखवलं: “यांना सांगा, तुम्ही फक्त हात चालवायचे, डोकं नाही.” आणि वर स्वतःचं जोडलं, ‘ताई, आज साखर नाही.’

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“नाहीतर दुसरीला बोलावतो,” अध्यक्ष म्हणाले.

‘खुशाल बोलवा,’ मी म्हटलं आणि कॅमेरावाल्याला मान हलवली.

खूण संपवून करणारीने हात मांडीवर ठेवले की मगच कॅमेरा बंद करायचा, अशी तिथली पद्धत. मी सुरुवात केली. आणखी एक, आणखी एक. खुर्चीतून उठले, पावलं टाकत निघाले. कॅमेरावाला निमूटपणे कॅमेरा माझ्यामागे वळवत राहिला. अध्यक्षांचा चेहरा लालबुंद झाला. ‘थांबा म्हणतायत,’ जाऊने दाखवलं. मी उत्तर काय देणार? माझे दोन्ही हात कामात होते. शाळाशाळांतल्या पोरांसाठी मी ते खाली घेणार नव्हते.

तेव्हा जाऊच माझ्या वतीने बोलली. काय बोलली ते तिने मला घरी गेल्यावर सांगितलं.

“साहेब, कुठे थांबायचं ते तुम्हीच दाखवा.”