शेजारच्या सीटवर

तिसरा गिअर.

वळण आलं तसा बाबांनी उजवा पाय कचकन दाबला. तिथे ब्रेक नव्हता, नुसती रबरी मॅट होती.

"बाबा, ब्रेक माझ्याकडे आहे."

"असू दे. सवय आहे."

जन्मभर ट्रक चालवलेला माणूस. डोळ्यांनी दगा दिला तसं हातातलं चाक सुटलं, आणि डोंगरावरच्या धाकट्या भावाकडे जाणंही. लेकीने ही गाडी घेतली ती त्यासाठीच; इतर दिवशी मागे शिवायला आलेल्या कापडाचे गठ्ठे असायचे. "उंची जीपची, लांबी डब्याची," बाबांनी पहिल्याच दिवशी निकाल दिला होता. आज गाडी अडली, तर काकाचा ट्रॅक्टर ओढायला येणार आणि बाबा पुन्हा या सीटवर बसणार नाहीत, हे तिला ठाऊक होतं.

"तुमच्या ट्रकमध्ये मी कधी बोलले का?" आई मागून म्हणाली.

"बोलशील कुठली? डोळे घट्ट मिटून बसायचीस."

न्यूट्रल.

पुढे ओढ्याने रस्ता खाल्लेला. बाबांनी सूचना द्यायला तोंड उघडलं, पण ती केव्हाच खाली उतरली होती. चपला हातात. काठीने तळ चाचपत ती पलीकडे गेली, एक हलता दगड बाजूला लोटला, समोरच्या झुडपाला ओढणी बांधली आणि त्याच रेषेत परत आली.

बाबा ओढणीकडे बघत राहिले. ते स्वतः तिथे गळ्यातला रुमाल बांधायचे. पाण्याकडे बघायचं नाही, खुणेकडे बघायचं.

"हे हिला शिकवलं कुणी?"

"लहानपणी तुमच्या केबिनमध्ये झोपलेली असायची म्हणत होतात ना," आई म्हणाली.

पहिला.

मधोमध मागचं चाक घसरलं. तिने रेस वाढवली नाही. थांबली, चाकाला पकड मिळू दिली. गाडी हलली, वर आली, नाकातून पाणी गाळत.

फोन वाजला. काका.

"दादा, ट्रॅक्टर काढू का?"

"काढ," बाबा म्हणाले. "काढ आणि बाजूला लाव. अंगणात आमच्या गाडीला जागा लागेल."

"ओढणी राहिली," ती म्हणाली.

"राहू दे. उतरताना लागेल."

दुसरा.

चढावर मोठा खड्डा आला. तिने सवयीने शेजारी खाली पाहिलं. मॅटवर नुसते बूट होते. बाबा सीटवर मांडी घालून खिडकीतून बाहेर बघत होते.