पाठीवरचं पिवळं

ती पहिल्यांदा माझ्या दुकानात आली तेव्हा मी तिच्या तोंडाकडे नाही, तिच्या जॅकेटकडे बघितलं. बिनबाह्यांचं, भडक केशरी, आत दोन माणसं मावतील एवढं ढगळ. पाठीवर ठसठशीत अक्षरांत तिच्या संस्थेचं नाव. टीप तर अशी वाकडीतिकडी, की मारणाऱ्याला पुन्हा मशीनजवळ फिरकू देऊ नये. माणूस समुद्र ओलांडून आमचा जीव राखायला येतो आणि अंगावर हे ध्यान! शिवणकामावर पोट आहे माझं, मला असलं बघवत नाही.

"बांबूवर पोतं वाळत घातलंय जणू," आई म्हणाली. झालं, तेव्हापासून त्या पोरीचं नाव बांबू. अर्थ कळल्यावर ती पोट धरून हसली आणि पुढे फोनवर स्वतःच म्हणायला लागली, "ताई, मी बांबू बोलते."

तिचं काम काय म्हणाल, तर काही न करणं. ज्याला धमक्या येतात त्याच्या सोबत राहायचं, एवढंच. मी बाजारात निघाले की ती दोन पावलं मागे. मी मशीनवर बसले की ती दाराशी स्टुलावर. माझी पिशवी धरायची नाही, माझ्या वतीनं कुणाशी बोलायचं नाही. नुसतं बघायचं. बाहेरच्या देशातलं माणूस बघतंय म्हटल्यावर वाईट करणाऱ्याचा हात आखडतो, असा त्यांचा हिशेब. शिवाय आम्ही कुठल्या रस्त्यानं कुठे जाणार हे ती आधी पोलिसांना कळवायची. ते ऐकून मी कपाळाला हात लावला.

"अगं, ही तर चोराच्या हाती जामदारखान्याची किल्ली!"

"लपून गेलात आणि काही झालं, तर सगळे म्हणतील आम्हाला माहीत नव्हतं," ती शांतपणे म्हणाली. मराठी शिकून आली होती, शब्द मोजून मोजून टाकायची. "आता तसं म्हणता येणार नाही."

मला ते पटलं नव्हतं. आणखी एक गोष्ट खटकायची. रस्त्यानं जाताना मी बोलत असले तरी ती माझ्याकडे बघायची नाही. नजर सगळी समोरच्या दुकानांवर, गच्च्यांवर, थांबलेल्या गाड्यांवर. आपण बोलतोय आणि समोरचा भलतीकडे बघतोय, याचा मला फार राग येतो.

सोबत लागायचं कारण माझा भाऊ. तो दगडखाणीत कामाला होता. तिथल्या धुळीनं माणसं खोकून खोकून मरत होती. यानं सगळ्यांना गोळा केलं, वरपर्यंत तक्रार नेली. मग एका दुपारी माझ्याच दुकानासमोर त्याला चौघांनी धरून गाडीत घातलं. गाडीचं दार खाणीच्या मुकादमानं उघडं धरलं होतं. मी हातातल्या कात्रीसकट धावले. मुकादमानं माझ्याकडे नीट बघितलं, दार लावून घेतलं आणि गाडी गेली. गल्ली माणसांनी भरलेली होती, पण तेवढ्यात सगळ्यांना आपापल्या चपला बघायच्या होत्या.

भाऊ परत आला नाही. जिवंत आहे की नाही, तेही कुणी सांगितलं नाही. कितीतरी वर्षांनी खटला उभा राहिला आणि साक्षीदार एकेक करून गळायला लागले. कुणाला दिसलंच नव्हतं, कुणाला आता आठवत नव्हतं. मी तेवढी उरले. "तुम्ही बोललात तर कोर्ट शोधाचा हुकूम देईल," वकीलबाई म्हणाल्या, "नाही बोललात तर सगळं इथंच संपलं." त्याच आठवड्यात दुकानाच्या काचेवर दगड आला आणि एक मोटारसायकल माझ्या मागे लागली. म्हणून बांबू माझ्याकडे आली. तिच्या संस्थेतला दुसरा एक जण वकीलबाईंच्या सोबतीला असायचा.

आमच्या घरात खुंटीवर भावाचा पिवळा कोट आहे. म्हणजे होता. खाणीतल्या ट्रकवाल्यांना लांबून दिसावा म्हणून मी तो जाड, डोळ्यांत घुसेल अशा पिवळ्या कापडाचा शिवला होता. सकाळी तो कामावर निघाला की आई दारात उभी राहायची. रस्ता वळेपर्यंत ती पिवळी पाठ दिसायची, मग आई आत यायची. त्याला नेलं त्या दिवशी उकडत होतं म्हणून तो कोट घरीच ठेवून गेला होता. आई त्याला हात लावू देत नसे. मी धुवायला मागितला तरी म्हणायची, "राहू दे. आला तर घालील काय?"

साक्षीची तारीख जवळ आली आणि बांबूच्या जॅकेटची चेन तुटली. तिनं ते माझ्याकडे दिलं. चेन बसवायची, एवढंच सांगितलं होतं. पण एकदा कापड हातात आल्यावर मला राहवेना. खांदे आत घेतले, पाठीतून चांगलं वीतभर कापड कमी केलं. जाड कापड शिवणीत गोळा होतं, म्हणून जादाचं कापूनच टाकलं. अक्षरं त्यात गेली, तर गेली. काय मेलं सुंदर दिसत होतं ते नाव? सगळ्या कडांना काळी पट्टी लावली. जॅकेट असं बसलं तिच्या अंगावर, की कुणी म्हणावं साहेबीण आली.

बांबू आरशासमोर उभी राहिली, मागे वळून पाठ बघितली. क्षणभर तिचा चेहरा उतरला. मग म्हणाली, "फार सुंदर आहे, ताई."

"आता कशी चारचौघांत शोभतेस!" आई म्हणाली. मी तर फुलून गेले होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही वकीलबाईंकडे निघालो. ती मोटारसायकल रोज लांबूनच यायची. त्या दिवशी ती थेट फुटपाथवर चढली. हँडल माझ्या कोपराला लागलं, मी भिंतीवर आदळले. वरचा माणूस कानाशी वाकून म्हणाला, "बाई, कात्री जपून वापरा. बोटं जातात." तेवढ्यात बांबू त्याच्यासमोर आली. तिच्या छातीवरची बारीक अक्षरं दिसली तसा तो दचकला आणि गाडी वळवून पळाला. मागून त्याला ती ओळखूच आली नव्हती. पाठीवर ना ते नाव, ना तो ढगळपणा; संस्थेची बाई आज नाही, असं समजून तो जवळ आला होता.

घरी येऊन मी तिच्यावर तोंड सोडलं. "एवढी शिकलेली तू, आणि तोंड शिवलं होतं का तुझं? जॅकेट बिघडवलं म्हणून सांगता येत नव्हतं?"

"तुम्ही इतक्या प्रेमानं शिवलं होतं," ती म्हणाली. "मला तुमचं मन मोडवेना. ते ढगळच हवं, ताई. लांबून कुणालाही दिसायला हवं. माझी चूक झाली."

"मन मोडलं असतं तर दोन दिवस फुगून बसले असते! हाड मोडलं असतं म्हणजे?"

ती रडायला लागली. मलाही रडू आलं, पण माझं रागाचं होतं. नवं जॅकेट मागवायला वेळ नव्हता, तारीख परवावर आली होती. कोपर ठणकत होतं आणि त्या माणसाचा आवाज कानातून जात नव्हता. मी सरळ सांगून टाकलं, "मी नाही जात कोर्टात. भाऊ तर गेलाच. आता आईला एकटी ठेवू का?"

बांबूनं नुसते डोळे पुसले. जा म्हणायचं नाही आणि नको जाऊ म्हणायचं नाही, हाही त्यांचा नियमच. त्या नियमाचा तेव्हा मला खरंच संताप आला.

आई आतून आली. तिच्या हातात पिवळा कोट होता. तो तिनं मशीनवर ठेवला.

"काप."

"आई, अगं..."

"पाठीचं कापड मोठं आहे. हिच्या पाठीत बसेल. काप म्हणते ना."

"आणि तो आल्यावर?"

"आला की तू त्याला नवा शिवून देशील. न द्यायला काय झालं?" आईनं कोटावरची धूळ हातानं झटकली. "पण तू बोलली नाहीस, तर त्याला शोधणार कोण?"

मी कात्री घेतली. आयुष्य गेलं कापड कापण्यात, पण त्या कोटावर कात्री चालेना. शेवटी बांबूनं कापड दोन्ही बाजूंनी ताणून धरलं.

"मदत करायला चालतं का गं तुला?" मी नाक ओढत विचारलं.

"जॅकेट संस्थेचं आहे," ती म्हणाली, "म्हणजे हे माझंच काम."

काळ्या पट्ट्या उसवून मी त्यांचीच अक्षरं केली आणि पिवळ्यावर शिवली. केशरी जॅकेट, मधोमध पिवळी पाठ, त्यावर काळं नाव. इतकं ओंगळ काम मी जन्मात केलं नव्हतं. आई बघून म्हणाली, "आता झालं बुजगावणं." ती समाधानानं म्हणाली.

कोर्टात मी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभी राहिले. मुकादम समोर बसला होता, केस पांढरे झालेले, अंगावर कडक इस्त्रीचा शर्ट. मी धीरासाठी मागच्या बाकावर बांबूकडे बघितलं. ती माझ्याकडे बघतच नव्हती. नेहमीचा राग यायच्या आधी मी तिच्या नजरेमागे गेले, तर ती मुकादमाकडे बघत होती. मग त्याच्या शेजारच्याकडे, मग दाराशी उभ्या असलेल्या त्या मोटारसायकलवाल्याकडे. पुन्हा मुकादमाकडे. तेव्हा मला तिचं काम कळलं. माझ्याकडे बघायला ती आलीच नव्हती.

त्याचा वकील म्हणाला, "इतक्या वर्षांपूर्वीची गोष्ट, गर्दीचा रस्ता. हाच माणूस होता असं खात्रीनं कसं सांगता? नीट बघा त्याच्याकडे."

मी बघितलं. मुकादम खाली आपल्या बुटांकडे बघत होता.

"हाच," मी म्हणाले. "त्या दिवशी यानं माझ्याकडे नीट बघितलं होतं. त्याला सांगा ना, आजही बघ म्हणावं."

मुकादमानं मान वर केली नाही. मी पुढचं सगळं सांगितलं. गाडी, दार, चौघं, भावाच्या तोंडावर दाबलेला हात. आवाज फाटला, पण थांबले नाही.

बाहेर बाकावर आई बसली होती. "बोललीस?"

"बोलले. शोध घ्यायचा हुकूम निघणार म्हणाल्या वकीलबाई."

आईनं मान डोलावली. ना रडली ना हसली. काठी टेकत उठली, बांबूला खांद्याला धरून पाठमोरी केली आणि पिवळ्या कापडावर पडलेली सुरकुती तळहातानं सरळ केली. मग तिला हलकेच पुढे लोटलं.

"तू पुढे चाल."

"आई, मी मागे चालते," बांबू म्हणाली. "तसा नियम आहे."

"असेल. आज पुढे चाल. मला दिसली पाहिजेस."

बांबूनं माझ्याकडे बघितलं, रस्त्यात पहिल्यांदाच. मग ती पुढे झाली. आम्ही दोघी तिच्या मागून निघालो. वळण आलं तशी आई घाईनं पावलं टाकायला लागली.