कॅप्टनच्या समोरच्या टोकाला

माणूस गेला की त्याचे गुण वाढीला लागतात हे धाकट्याने ऐकलं होतं. पण ते इतक्या झपाट्याने वाढतात हे त्याने बाबांच्या वेळी पहिल्यांदा पाहिलं. सोमवारी बाबा गेले तेव्हा ते नव्वदी ओलांडलेले, तिरसट आणि साऱ्या गावाला पुरून उरलेले म्हातारे होते. बुधवारी ते कष्टाळू झाले. शुक्रवारी क्लबच्या दारावर बोर्ड लागला, तोपर्यंत ते 'आदर्श शेतकरी, थोर खेळाडू, प्रेमळ आजोबा' होऊन बसले होते. बोर्डावरच्या फोटोत ते तोंडभर हसत होते. त्यांचा सोपा कॅच कुणीतरी सोडला होता त्या क्षणाचा तो फोटो, हे फोटोग्राफरला पक्कं आठवत होतं, पण तो शहाणा माणूस गप्प बसला.

गाव त्यांना कॅप्टन म्हणायचं. त्यांना कुणी निवडून वगैरे दिलं नव्हतं. मैदान त्यांचं, बॅट त्यांची, रोलर त्यांच्याच ट्रॅक्टरला जोडलेला. मग कॅप्टन दुसरा कोण होणार? रस्त्याकडेचं सगळ्यात सपाट आणि कसदार शेत त्यांनी क्रिकेटसाठी राखून ठेवलं आणि मका लावला तो वरच्या खडकाळ तुकड्यात. पेरणी सामन्यांच्या तारखा बघून व्हायची. मक्याला पाणी कधी सोडायचं, खत किती टाकायचं हे आई बघायची. पीक चांगलं आलं की ते कसं आणलं हे बाबा बांधावर उभे राहून लोकांना समजावून सांगायचे. लोक आईसमोरच माना डोलवायचे आणि आई चहा ठेवायला आत जायची.

घरात बाबांचा एक नियम होता. अंगणात रोज संध्याकाळी खेळायचं आणि जो बाद होईल त्याने गोठ्यातलं शेण काढायचं. नियम सगळ्यांना सारखा होता, फक्त अंपायर बाबा होते. साहजिकच उभ्या आयुष्यात त्यांना शेणाला हात लावावा लागला नाही. पुढे नातवंडं झाली, तरी नियम तोच. थोरल्याच्या पाच वर्षांच्या मुलीला त्यांनी पहिल्याच चेंडूवर पायचीत दिलं आणि तिच्या हातात तिच्याएवढा खराटा ठेवला. ती भोकाड पसरून रडली. 'रडण्याने निर्णय बदलत नाही,' असं म्हणून त्यांनी पुढच्याला बोलावलं. प्रेमळ आजोबा ते हेच. हीच नात आता डॉक्टर झाली होती आणि बोर्डावरचा मजकूर तिनेच फोनवरून सांगितला होता.

शोकसभा ठरवली थोरल्याने. थोरला निवृत्त मुख्याध्यापक, त्यामुळे चार माणसं दिसली की त्यांना रांगेत बसवल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. कोण बोलणार, किती बोलणार, माइक कुठे ठेवायचा, सगळं त्याने एकट्याने ठरवलं. धाकट्याला त्याने फायनलची गोष्ट सांगायचं काम दिलं.

'तू समोर होतास ना,' तो म्हणाला. 'तुझ्या तोंडून ऐकायला लोकांना आवडेल.'

धाकटा होय म्हणाला. थोरल्याला वाटलं, चला, एक काम मार्गी लागलं. धाकट्याच्या मनात काय शिजत होतं याचा त्याला पत्ता नव्हता.

फायनलची गोष्ट गावात पोराटोरांना पाठ होती. शेजारच्या गावाशी सामना, कॅप्टन एका बाजूने खिंड लढवताहेत, दुसऱ्या टोकाला त्यांचा पोरगा. पोरगा उतावळा. नको ती धाव घ्यायला पळाला, रनआउट झाला आणि सगळा भार कॅप्टनवर पडला. कॅप्टननी न डगमगता शेवटच्या ओव्हरमध्ये सामना काढला. इथे ऐकणारे टाळ्या वाजवायचे आणि धाकट्याच्या पाठीवर थाप मारायचे. गेली चाळीसेक वर्षं लग्नात, निवडणुकीत, पार कुणाच्या मयतीतसुद्धा ही गोष्ट निघायची आणि धाकट्याला दर वेळी हसावं लागायचं. त्याचे आता गुडघे दुखत होते, डेअरीत दुधाचं फॅट तपासता तपासता तो निवृत्त झाला होता, तरी गोष्टीत तो अजून तो उतावळा पोरगाच होता.

खरं काय झालं ते त्याला ठाऊक होतं. त्या दिवशी त्याची बॅट अशी चालली होती की त्याची त्यालाच भीती वाटत होती. कडेला खुर्ची टाकून जिल्ह्याच्या संघाची निवड करणारे गृहस्थ बसले होते आणि ते आपल्याकडे बघताहेत हे त्याला वळून न पाहताही कळत होतं. समोर बाबा कसाबसा बॅटला चेंडू लावत होते. मग त्यांनी एक चेंडू हळूच ऑफला ढकलला आणि 'चल' म्हणून ओरडले. धाकटा सुटला. अर्ध्या वाटेत त्याने मान वर केली तर बाबा जागचे हललेले नव्हते. बॅटवर रेलून उभे होते, शेताच्या बांधावर उभे राहायचे तसे. तो वळला, पडला, उठला, तोवर त्याच्या टोकाचे स्टंप उडालेले होते.

'हाक नीट ऐकत जा,' बाबा एवढंच म्हणाले.

निवड करणारे गृहस्थ धाकटा बाद झाल्यावर चहा प्यायला उठले ते पुन्हा त्या खुर्चीवर आलेच नाहीत. संध्याकाळी कॅप्टनची ट्रॅक्टरवरून मिरवणूक निघाली. धाकटा तेव्हा गोठ्यात होता, कारण बाद झालेल्याने शेण काढायचं हा नियम फायनललाही लागू होता. पुढच्या महिन्यात तो डेअरीत चिकटला. बॅट माळ्यावर गेली.

बाबांना हे विचारायचं त्याने आयुष्यभर टाळलं. आधी भीती वाटली, मग लाज, मग बायको म्हणाली की आता म्हाताऱ्याला कशाला त्रास देता. शेवटच्या महिन्यात मात्र बाबांची दाढी करायचं काम त्याच्याकडे आलं. बाबांचे हात थरथरायचे, पण डोकं लख्ख होतं. रेडिओवर चाललेल्या सामन्यातल्या कॅप्टनला ते सकाळपासून मूर्खात काढत होते. एक दिवस साबण फासून झाल्यावर, ब्रश खाली ठेवून धाकट्याने विचारून टाकलं.

'बाबा, फायनलला तुम्ही हाक देऊन थांबलात का?'

बाबांनी डोळे मिटलेलेच ठेवले. त्यांना ओव्हर आठवली, गोलंदाज डावखुरा होता ते आठवलं, वारा कुठल्या बाजूचा होता तेही आठवलं.

'थांबलो खरा,' ते म्हणाले. 'समोर कोण होतं रे माझ्या? शिंपी का?'

धाकट्याच्या हातात वस्तरा होता. त्याने गळ्याकडची कातडी ताणली आणि दाढी पुरी केली. मग टॉवेलने तोंड पुसलं, वाटीतलं पाणी मोरीत ओतलं आणि बायकोला सांगून बाहेर पडला. त्याला इतका राग आला होता की तो डेअरीपर्यंत चालत गेला, आणि तिथे गेल्यावर त्याला आठवलं की तो आता तिथे नोकरीला नाही. पंधरवड्याने बाबा गेले आणि राग तसाच राहिला. म्हणून त्याने ठरवलं होतं: सभेत उभं राहायचं आणि सगळ्यांसमोर सांगून टाकायचं. मी उतावळा नव्हतो. मी चांगला खेळत होतो म्हणून त्यांनी मला बाद केलं. गावाने एकदा हे ऐकलं की आपण मोकळे.

सभेला क्लबची खोली खच्चून भरली. कॅरमचे बोर्ड भिंतीला लावून ठेवले होते, पंखा कुरकुरत होता आणि पहिल्या रांगेत थोरल्याने नावानिशी बसवलेले लोक अवघडून बसले होते. दूध संघाचे अध्यक्ष म्हणाले की कॅप्टननी मातीवर प्रेम करायला शिकवलं. खताच्या दुकानदाराने त्यांच्या दिलदारपणाचे गोडवे गायले. कॅप्टननी त्याच्याकडून एकदा तरी घासाघीस न करता पोतं उचललं असेल का, असं धाकट्याच्या मनात येऊन गेलं. थोरला स्वतः बाबांच्या त्यागावर बोलला. बाबांनी नेमकं कशाचा त्याग केला हे भाषण संपेपर्यंत कुणाला कळलं नाही, पण दोन बायकांनी डोळे पुसले.

मग धाकटा उठला. लोक सरसावून बसले, कारण आता आवडीची गोष्ट येणार होती. त्याने माइक धरला आणि नेहमीच्या ठिकाणी सुरुवात केली. डावखुरा गोलंदाज, ऑफला ढकललेला चेंडू, चल म्हणून हाक. मागून कुणीतरी हसून म्हणालं, 'आणि पोरगा सुटला.'

'पोरगा हाकेवर सुटला,' धाकटा म्हणाला. 'हाक त्यांनी दिली आणि ते हलले नाहीत. त्यांनी मला मुद्दाम रनआउट केलं. इतकी वर्षं मी हसलो, आज हसणार नाही.'

थोरला खुर्चीतून अर्धा उठला आणि तसाच थांबला. धाकट्याला वाटलं, आता कुणीतरी शोभतं का हे म्हणणार. त्याची तयारी होती.

मागच्या भिंतीला टेकून शिंपी बसला होता. बाबांच्या संघातला जुना गडी, त्यांच्यापेक्षा थोडाच लहान, कानाला यंत्र लावलेला. त्याने हात वर केला, शाळेत करतात तसा.

'मलाही,' तो म्हणाला. 'हाक दिली आणि थांबले. माझी बायको बघत होती.'

'मलाही केलंय,' पोस्टमन म्हणाला.

कुणीतरी फिस्सकन हसलं. दूध संघाच्या अध्यक्षांनी इकडेतिकडे पाहिलं आणि आपल्यालाही एकदा केलं होतं असं कबूल केलं. आपण तेव्हा अध्यक्ष नव्हतो, असं त्यांनी घाईने जोडलं. गवंड्याने उभं राहून कॅप्टन बॅटवर कसे रेलायचे ते करून दाखवलं. ते इतकं हुबेहूब होतं की खोली हसून लोटपोट झाली. हात वर होतच राहिले. पुढे बसलेली डॉक्टर नात म्हणाली की मला तर अंगणात केलं होतं, टेनिसच्या चेंडूवर. ज्या माणसाबद्दल तासभर कुणाच्या तोंडून एक खरं वाक्य निघत नव्हतं, त्याच्याबद्दल आता एकमेकांना थांबवत सगळे एकदम बोलत होते. कुणाच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि ते हसण्याचं की कशाचं, हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं.

धाकटा माइक धरून तसाच उभा होता. त्याच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. त्याचं खरं ठरलं होतं. साऱ्या गावाने साक्ष दिली होती आणि आयुष्यभर छातीशी धरून ठेवलेली गोष्ट रेशनच्या धान्यासारखी घरोघर वाटलेली निघाली होती. त्याला रडू फुटलं. बाबा गेले त्या दिवशी तो रडला नव्हता. आता मात्र त्याला आवरेना, म्हणून तो खाली मान घालून थोरल्याच्या शेजारी येऊन बसला.

'आता कशाला रडतोस?' थोरला हळू आवाजात म्हणाला. 'सगळे तुझ्याच बाजूचे आहेत.'

'मला वाटायचं, मी चांगला खेळत होतो म्हणून केलं,' धाकटा म्हणाला. 'मला घाबरून केलं.'

थोरल्याने खिशातून रुमाल काढला. पण तो पुढे करायच्या आधी त्याने स्वतःचेच डोळे पुसले.

'मला दोनदा केलं,' तो म्हणाला. 'घाबरायला आधी समोर कोण आहे ते बघावं लागतं रे.'