पान टाकायचं नाही

"आई, ते जपानमधलं सूप तू कर ना प्लीज," इला म्हणाली. "मोना जेवायला येतेय, तिला मी प्रॉमिस केलंय. टेस्ट फक्त तुलाच माहितेय. You finished every single bowl!"

शैलजाने हातातलं कोंबूचं पाकीट ओट्यावर ठेवलं. कोंबू म्हणजे वाळवलेलं समुद्री शेवाळ, चपलेच्या तळव्यासारखं कडक. महिन्याभरापूर्वी जपानहून निघताना तिथल्या सरायीतल्या हारुकोसाननी ते तिच्या हातात दिलं होतं आणि कमरेत वाकून नमस्कार केला होता. त्या नमस्काराने शैलजा मेल्याहून मेल्यासारखी झाली होती. अमेरिकेत अ‍ॅशबर्नला परतल्यावर तिने पाकीट डाळींच्या डब्यांमागे दडवलं. इलाने आज नेमकं तेच शोधून काढलं.

इलाला बर्फाचं वेड. तेही साधं नाही. लिफ्ट नाही, आखलेली वाट नाही. स्कीच्या तळाला पट्ट्या चिकटवून डोंगर चढायचा आणि कोऱ्या, भुसभुशीत बर्फातून खाली यायचं. त्यासाठी दर हिवाळ्यात ती जपानमधल्या होक्काइदोला जायची. वडील गुरुनाथ गेल्यापासून आई घरातून हलत नाही, म्हणून यंदा तिने आईलाही ओढून नेलं. आईने सरायीत शेकोटीपाशी बसावं, लेकीने डोंगर पालथे घालावेत, असा बेत.

सराय चालवणाऱ्या हारुकोसान सत्तरीच्या. पाहुणी शाकाहारी आहे हे इलाने फोनवर भाषांतर करून सांगितलं, तेव्हा त्या केवढ्या कामाला लागल्या! सुपात मासा घालायचा नाही म्हणून रात्रभर कोंबू भिजवला, वसंतात खारवलेल्या रानभाज्या काढल्या. दुपारी ताट स्वतः खोलीवर आणून दिलं.

शैलजाने झाकण उघडलं आणि तिला समुद्राचा वास आला. समुद्राचा म्हणजे माशाचाच, हा तिचा हिशोब. चोवीस वर्षं तिने सॉफ्टवेअर टेस्टिंग केलं होतं. दुसऱ्याच्या कामात खोट असणारच, हे तिच्या हाडीमासी खिळलेलं. विचारायची सोय होती, फोन हाताशी होता. पण विचारलं तर त्या बाईला वाईट वाटेल. आणि ताट तसंच परत पाठवणं तर जन्मात जमलं नसतं. पान टाकायचं नाही, ही तिच्या घरची रीत.

मग तिने काय करावं? खिडकी सरकवली आणि सगळं बाहेर ओतलं. खिडकीखाली पुरुषभर बर्फ साचला होता, त्याने ते मुकाट्याने गिळलं. बॅगेतून आणलेल्या दशम्या आणि लसणाची चटणी तिने दाराला कडी लावून खाल्ली आणि रिकामे वाडगे बाहेर ठेवले. हारुकोसानचा चेहरा खुलला. दुसऱ्या दिवशी ताटात एक वाडगा जास्त आला.

तिसऱ्या दिवशी बर्फ पडलाच नाही. शैलजाने दुपारी खिडकीतून पाहिलं तर खाली तपकिरी डाग, टोफूचे तुकडे, गाजराची कोरून केलेली फुलं, सगळं उघडं पडलेलं. आणि तिथे हारुकोसान फावडं घेऊन उभ्या होत्या. वरच्या उतारावरून इलाची हाक ऐकू येत होती. हारुकोसाननी खिडकीकडे मान वर केली नाही. त्यांनी भराभरा स्वच्छ बर्फ ओढला, वरून थोपटला आणि इला पोचायच्या आत त्या आत निघून गेल्या. शैलजा पडद्यामागे उभी होती. आपण किती हलक्या आहोत, असं तिला आयुष्यात प्रथमच वाटलं.

"आई, झालं का? मोना आली!"

कोंबू भिजवून अंदाजाने केलेलं सूप शैलजाने वाट्यांत ओतलं आणि इलाच्या मैत्रिणीसह तिघी टेबलापाशी बसल्या. तिने पहिला घोट घेतला. माशाचा वासही नव्हता. मुगाच्या कढणासारखं सौम्य, किंचित खारट, आजाऱ्यालाही मानवेल असं.

"हारुकोसान काय म्हणाली माहितेय?" इला मोनाला सांगत होती. "इतक्या वर्षांत असा रिस्पेक्ट कोणी दिला नाही म्हणे. आई अशीच आहे यार. लहानपणी पान टाकलं तर मला उठू द्यायची नाही. एकदा कारल्यासाठी दोन तास बसवलं होतं!"

मोना हसली. "मावशी, सेम झालंय का मग? जपानसारखं?"

नुसतं 'हो' म्हणायचं होतं. 'हो' म्हटलं असतं तर कुणाचं काही बिघडलं नसतं. हारुकोसाननी झाकलेलं झाकलेलंच राहिलं असतं.

"मला नाही माहीत," शैलजा म्हणाली. "मी तिथे चाखलंच नव्हतं. खिडकीतून टाकलं."

"What? एकदा?"

"रोज. सगळं."

इलाने चमचा खाली ठेवला. "तिला कळलं?"

"कळलं. तू उतरत होतीस तेव्हा तिने वर बर्फ ओढला. तुला दिसू नये म्हणून."

मोना आपल्या वाटीत बघत राहिली. इला रागावली असती, ओरडली असती, तर शैलजाला बरं वाटलं असतं. शैलजाने हारुकोसान धरायच्या तशी वाटी दोन्ही हातांनी धरली आणि सूप शेवटच्या थेंबापर्यंत प्यायलं. मग वाटी हळूच टेबलावर ठेवली.

इलाने हात लांब करून ती वाटी आपल्याकडे ओढली आणि खरंच रिकामी आहे का, ते आत डोकावून पाहिलं.