वखारीतलं पिस्तूल

दातांचे डॉक्टर निवृत्त झाले आणि त्यांचा छंद घरभर पसरला. जुन्या युद्धातली बारा पिस्तुलं दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात मांडलेली. प्रत्येकाखाली सुवाच्य अक्षरातलं कार्ड. "पाहुण्यांना बसायला धड सोफा नाही, आणि या नवरदेवांना मखमल!" असं त्यांची बायको येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. डॉक्टर हसून सोडून द्यायचे.

मुलीचं लग्न ठरलं आणि व्याही मंडळी पहिल्यांदा घरी आली. सोबत मुलाची आजी होती. नव्वदीला टेकलेली, नजर अधू, पण कान तिखट. चहा झाल्यावर डॉक्टरांनी होणाऱ्या जावयाला हौसेने कपाटापाशी नेलं. तो एक कार्ड मोठ्याने वाचू लागला, "अधिकाऱ्याचं पिस्तूल. नदीकाठच्या लाकडाच्या वखारीत एकोणीस जणांना याच पिस्तुलाने..."

"कुठली वखार?" आजींनी विचारलं. "पुलाजवळची?"

"हो, तीच!" डॉक्टर गर्रकन वळले. "तुम्हाला माहितीये?" बोलता बोलता त्यांनी खिशातलं पेनही काढलं.

"माझे दोन भाऊ होते त्यात. थोरला बावीसचा, धाकटा सतराचा."

जावयाचा चेहरा पडला. त्यालाही हे कुणी कधी सांगितलं नव्हतं. आजींनी हात पुढे केला. डॉक्टरांनी पिस्तूल काढून त्या हातावर ठेवलं. आजींनी ते चाचपलं, मग बोटं नाकाशी नेली.

"तेल लावता याला?"

"दर रविवारी. नाहीतर गंजतं."

"आमच्या पोरांना कुणी आंघोळसुद्धा घातली नाही हो. तशीच लोटली खड्ड्यात."

मंडळी लवकरच उठली.

त्या रात्री डॉक्टरांना जेवण गेलं नाही. ते पिस्तूल घेतलं तेव्हा जुन्या शस्त्रांच्या दुकानदाराने एकाच बनावटीची दोन पिस्तुलं पुढे ठेवली होती. एक कोरं, कधी न वापरलेलं. दुसरं हे. त्यांनी कोऱ्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

सकाळी त्यांनी दुकानदाराला फोन लावला. "परत घेता का?"

झालेला प्रकार ऐकून तो खूश झाला. "डॉक्टर, नशीब काढलंत! आजींनी दोन ओळी लिहून दिल्या तर दुप्पट किंमत येईल."

डॉक्टरांनी फोन ठेवला आणि परवाना कचेरी गाठली. "लोक बंदूक मिळवायला अर्ज करतात," तिथला कारकून म्हणाला, "तुम्ही मोडायला करताय?" तीन आठवड्यांनी एका वर्कशॉपमध्ये, पोलिसासमोर, त्या पिस्तुलाचे चार तुकडे झाले. डॉक्टर करवतीजवळ उभे राहून पाहत होते. वस्तू फार सुंदर घडवलेली होती आणि तेवढ्या क्षणीही त्यांना तेच दिसत होतं.

ते तडक व्याह्यांकडे गेले. आजी खिडकीशी बसल्या होत्या.

"मोडलं ते," डॉक्टर म्हणाले.

"बरं केलंत." आजींनी विचारलं, "आणि बाकीची?"

"त्यांचं वेगळं आहे, आजी."

"त्यांनी कुणाला मारलं, ते लिहिलंय ना खाली?"

"लिहिलंय."

"मग त्या माणसांच्या बहिणी तुमच्याकडे चहाला येईपर्यंत तुम्ही थांबणार का?"

आजींच्या सुनेने आणून दिलेलं पाणी तसंच ठेवून डॉक्टर उठले.

लग्न ठरल्या दिवशी झालं. गुडघ्यांचं कारण सांगून आजी आल्या नाहीत. पुढल्या वर्षभरात डॉक्टरांनी आणखी सात पिस्तुलं मोडून घेतली. चार उरली. त्यांचे अर्ज त्यांनी भरले, सह्याही केल्या, पण कचेरीत नेले नाहीत. कपाट विकलं आणि ती चार माळ्यावरच्या लोखंडी पेटीत, कपड्यांच्या तळाशी गेली. बायकोने ते पाहिलं.

एका दुपारी मुलीचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर तिने विचारलं, "बाबा, सगळी गेली ना?"

"गेली," डॉक्टर म्हणाले, आणि जावयाची तब्येत विचारू लागले.