अठ्ठेचाळीस तास आडवे

सांगवीचे मानसिंगराव आयुष्यात कधी वडीलधाऱ्यापुढं बसून राहिले नव्हते. पिकलेलं डोकं दिसलं की ते ताडकन उठत, वाकून पाया पडत आणि मग विचारत, आपण कोण म्हणून. या सवयीचं गावात मोठं कौतुक होतं. बारामतीच्या दवाखान्यातल्या आयसीयूत मात्र ती त्यांच्या जिवावर उठली.

सोमवारी दुपारी बाराला ते हृदयविकाराचा झटका घेऊन आले. डॉक्टरांनी सिस्टर मेघनाला बजावलं, "अठ्ठेचाळीस तास हा माणूस आडवा राहिला पाहिजे. उठला तर हृदयाचा ठेका चुकेल, आणि चुकलेला ठेका दर वेळी सापडतोच असं नाही." मेघना निरवांगीच्या गंगाराम मास्तरांची मुलगी. आयसीयूत तिचा पहिलाच महिना. शॉक, सलाइन, नाडी, सगळं ती शिकून आली होती. पाहुणे अभ्यासक्रमात नव्हते.

पाहुणे चार वाजता ट्रॅक्टरची ट्रॉली भरून आले. एका वेळी दोघांनाच आत सोडायचा नियम, म्हणून ते शिस्तीत दोघं दोघं आले. पहिल्याच जोडीत मामा होते. मानसिंगराव उठले. छातीवरच्या तारा ताणल्या, पडद्यावरची रेघ वेडीवाकडी नाचायला लागली आणि ते घामानं निथळले. मेघनानं त्यांना आडवं केलं, डॉक्टरांना हाक मारली, ते सांगतील ते इंजेक्शन सलाइनमधून दिलं. रेघ ठिकाणावर यायला दहा मिनिटं लागली.

"अहो, मरायचंय का तुम्हाला?"

"मामा आल्यात, बाई. पडल्या पडल्या रामराम घालू? लोक काय म्हनतील?"

"तुम्ही गेल्यावर काय म्हणतील?"

"म्हनतील, गेला, पन रीत सोडली न्हाय."

मंगळवारी तिनं तोड काढली. भावकीत सगळ्यांत थोरले ते चुलते दत्तोबा आबा. त्यांना तिनं दाराशी स्टुलावर बसवलं. "आबा, मानसिंगरावांच्या वतीनं सगळ्यांचे रामराम तुम्ही घ्यायचे. आत कुणी नको." आबांना इतकं मानाचं काम कुणी दिलं नव्हतं. "बरा हाय त्यो. बगितला म्हना आन् चला फुडं," असं म्हणत त्यांनी दिवसभर अख्खं सांगवी दारातूनच वाटेला लावलं. जेवायलासुद्धा उठले नाहीत.

बुधवारी सकाळी नऊला मात्र आबा स्टुलावरून उठले. कारण इंदापूरहून पहिल्या एसटीनं शकुबाई आल्या होत्या, मानसिंगरावांची थोरली मावशी, वय पंच्याऐंशी.

"हिच्याफुडं माजं काय चालतंय, शिस्टर?" म्हणत आबा बाजूला झाले.

मावशी आत. मानसिंगरावांनी गादीवर कोपर टेकलं. तीन तास उरले होते, डॉक्टर खाली ओपीडीत. मेघनानं खांदा दाबून धरला. पण तो उसाच्या मोळ्या उचलून घडलेला खांदा, तिला घेऊनच वर यायला लागला. शेजारची खाट रिकामी होती.

"मावशी, आडव्या व्हा!"

"आं? मला काय झालंय?"

"काही नाही. पटकन व्हा."

शकुबाई इंदापूरपासून उभ्यानं आल्या होत्या. त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं नाही. पाय वर घेतले आणि लांब झाल्या.

मानसिंगरावांचं कोपर जागीच थांबलं. निजलेल्या माणसाच्या पाया पडत नाहीत. तसं मेलेल्याच्या पडतात. हे सांगवीत लेकरालाही ठाऊक.

"मावशे, ऊठ की गं. पाया पडू दे."

"गप पड, मुडद्या. लई येळानं पाठ टेकलीया."

ते गप पडले. मग दोघांनी छताकडं बघत इंदापूरच्या तीन लग्नांची उणीदुणी काढली. नाडी एकशे दहावरून चौऱ्याऐंशीवर आली. तिसऱ्या लग्नाच्या जेवणापाशी मावशी घोरायला लागल्या.

बाराला डॉक्टर आले. "ह्या कोण? ह्यांचे कागद कुठायत?"

"पेशंट नाहीत, सर. शेजारच्या पेशंटचं औषध आहेत."

डॉक्टरांनी नव्या कार्डिओग्रामची पट्टी पाहिली आणि औषधाविषयी पुढं विचारलं नाही. "छान. मानसिंगराव, आता सावकाश उठून बसायला हरकत नाही."

मानसिंगरावांनी शेजारी पाहिलं.

"मावशी निजलीया, डाक्टर. ती उठल्याबिगर आमी कसं उठायचं?"

मेघनानं पुढं होऊन मावशींच्या अंगावर चादर घातली.